पहांटेचे दोन तास

पहांटेचे साडेचार वाजले कीं माझ्या स्वयंपाकघरांतला दिवा लागतो. त्या वेळीं आमच्या आळींत दुसरा दिवा असतो तो कोपऱ्यावरच्या दूधवाल्याचा. त्याचा धंदा सर्वांना ठाऊक आहे. माझा मात्र सांगावा लागतो. मी एका धर्मादाय रुग्णालयांत फिजिशियन आहें, आणि साडेचार ते साडेसहा या दोन तासांत मी आंबे, कोकम व आंबापोळी विकतें. दुकान असें कोठेंच नाहीं. गिऱ्हाइकें मीं पाहिलेलीं नाहींत आणि त्यांनींही मला पाहिलेलें नाहीं. रात्रभरांत टेलिफोनच्या पडद्यावर मागण्या येऊन पडतात, पैसे यू.पी.आय.नें जमा होतात, आणि देवगड तालुक्यांतील आमच्या बागेंतून माल परभारें लोकांच्या दारीं जातो. यालाच हल्लीं ऑनलाइन व्यवसाय म्हणतात.

हें ऐकलें कीं मंडळी कौतुकानें विचारतात, "तुम्हांला एवढा वेळ मिळतो तरी कसा?" या प्रश्नाचें उत्तर पुष्कळ दिवस मी हंसून टाळीत असें. आज तें नीट द्यावें असा विचार आहे. कारण वेळ मिळत नसतो, तो कोणाकडून तरी घ्यावा लागतो. डॉक्टरनें तो कोणाकडून घेतला, हें त्याचें त्याला माहीत असलेंच पाहिजे. मला तें एका चुकीनंतर कळलें.

हा व्यवहार मीं हौसेनें आरंभिला नाहीं. वडिलांच्या मागें बाग धाकट्या भावाकडे आली. हापूसचें झाड एक वर्ष भरभरून फळतें आणि दुसऱ्या वर्षीं बहुधा हात आखडतें. फवारणी, राखण, झेल्यानें फळ उतरविणाऱ्या गड्यांची मजुरी, पेट्या, वाहतूक हा सारा खर्च आधीं होतो. वाशीच्या बाजारांत पेटी उतरल्यावर तिला काय भाव आला तें मागून कळतें. लागोपाठ दोन हंगाम असे गेले कीं अडत्याकडून घेतलेली उचलही फिटेना. एके रात्रीं भावाचा फोन आला. "ताई," तो म्हणाला, "बागेला गिऱ्हाईक आलें आहे. होय म्हणूं काय?" माझ्या तोंडून उत्तर निघेना. ज्या कलमांना वडिलांनीं खांद्यावरून कळशा वाहून पाणी घातलें, तीं विकावयाचीं किंवा नाहीं हें फोनवर ठरवावयाचें होतें. मीं एका वर्षाची मुदत मागून घेतली.

तेव्हां आमची योजना साधी होती. मधला बाजार टाळून फळ थेट खाणाराच्या घरीं धाडावयाचें. पाडाचा आंबा भावानें उतरवावयाचा. भावजयीनें तो निवडून पेंढ्यासह पेटींत भरावयाचा. आणि मागण्या नोंदणें, पैशांचा ताळा घेणें, पत्ते लिहून पाठविणें, लोकांच्या प्रश्नांना उत्तरें देणें हें माझ्याकडे. अन्न सुरक्षा खात्याची नोंदणी केली. कार्बाइडनें फळ पिकविण्यास कायद्यानें बंदी आहे, आणि आम्ही तें वापरीत नाहीं, हें पहिल्याच ओळींत लिहिलें. कोंकणच्या हापूसला २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें होतें. त्यामुळें इतर प्रांतांच्या फळावर 'देवगड'चें नांव लावून विकणारांपासून आपला माल निराळा कां, हें सांगणें सोपें झालें.

पहिला हंगाम बरा गेला. दुसऱ्या हंगामांत मागण्या दुप्पट झाल्या, आणि तेथेंच माझी परीक्षा सुरू झाली. आंबा थांबत नाहीं. आज उतरलेलें फळ आज भरावें लागतें, आणि उद्यां तें कोठें आहे हें विचारणारे फोन येतात. हापूसमध्यें 'साका' नांवाचा एक दोष असतो. फळ वरून सोन्यासारखें दिसतें, वासही येतो. पण कापलें कीं आंत पांढुरका, आंबट, स्पंजासारखा भाग निघतो. वाढत्या उन्हाशीं आणि तापलेल्या जमिनीशीं त्याचा संबंध लावतात. बाहेरून हात लावून तो ओळखतां येत नाहीं. साका निघाला कीं गिऱ्हाईक रागावतें, आणि तें रास्तच आहे. त्याला दुसरें फळ देण्याचें कबूल करावें, क्षमा मागावी, भावाला कळवावें, या साऱ्यांत मध्यरात्र उलटे. बारा वाजतां अंथरुणाला पाठ लागावी आणि चार वाजतां उठावें, असा क्रम चालला. मी स्वतःला मोठी कष्टाळू समजत होतें. रुग्णालयांत वेळेवर पोंचत होतें, फेरी चुकवीत नव्हतें, कोणावर डाफरत नव्हतें. बाहेरून पाहणाराला कांहींच उणें दिसलें नसतें.

मे महिन्यांतल्या एका सकाळीं हृदयविकाराच्या एका वृद्ध रुग्णाचे कागद मी लिहीत होतें. त्यांना डिजॉक्सिन द्यावयाचें होतें. हें औषध जुनें आणि गुणकारी आहे; पण त्याची उपकारक मात्रा आणि अपायकारक मात्रा यांत अंतर फार थोडें असतें. मला ०.२५ मिलिग्रॅम लिहावयाचें होतें. मीं लिहिलें २.५. कागद पुढें सरकविला आणि दुसऱ्या खाटेकडे वळलें. थोड्या वेळानें वॉर्डांतील वडील सिस्टर माझ्याजवळ आल्या आणि हलक्या आवाजांत म्हणाल्या, "मॅडम, या हिशेबानें एका वेळीं दहा गोळ्या होतात. दशांशचिन्ह एक घर पुढें गेलें असावें."

मीं तें चिन्ह दुरुस्त केलें. रुग्णाला कांहींही झालें नाहीं. ते पुढें सुखरूप घरीं गेले. परंतु त्या दिवशीं संध्याकाळपर्यंत माझ्या हाताचा कंप गेला नाहीं. रात्रीं मीं हिशेबाची वही उघडली तेव्हां प्रथमच असें वाटलें कीं, जमेच्या बाजूला जे आंकडे मांडले आहेत त्यांची खरी किंमत त्या वृद्ध गृहस्थांकडून वसूल होणार होती, आणि त्यांना त्याची वार्ताही नव्हती. साका फळांत असतो तसा तो माणसांतही असतो. झोप न झालेला डॉक्टर वरून टवटवीत दिसतो, नीट बोलतो, आणि आंत कोठें तरी त्याचें लक्ष नासलेलें असतें.

हें माझें एकटीचें दौर्बल्य नव्हे. शास्त्रानें तें मोजलेलें आहे. १९९७ सालीं 'नेचर' या नियतकालिकांत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सतरा तास जागें राहिलेल्या माणसाच्या हाताडोळ्यांची तत्परता, रक्तांत ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी खालावते असें त्यांत आढळलें. मद्य घेऊन रुग्ण तपासणारा डॉक्टर आपण क्षणभर सहन करणार नाहीं. जागरण करून तपासणाराला मात्र आपण कर्तव्यदक्ष म्हणतों. २००४ सालीं बोस्टन येथील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागांत तरुण डॉक्टरांच्या चुकांची मोजदाद झाली. चोवीस तासांहून लांब पाळ्या करणारांच्या हातून, पाळ्या आंखूड केलेल्यांपेक्षां, गंभीर चुका एक तृतीयांशाहून अधिक झाल्या. आपल्या देशांतही निवासी डॉक्टरांना सलग बारा तासांहून व आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काम सामान्यतः देऊं नये, असें १९९२ सालीं केंद्र सरकारनें लिहून ठेविलें. लिहिलेलें कितपत पाळलें जातें, हें ज्यांनीं तें आयुष्य काढलें त्यांना सांगावयास नको.

तेव्हां मीं दुकान बंद करावयाचें ठरविलें. भावाला तसें सांगितलें. तो कांहीं बोलला नाहीं. बोलली ती भावजय. "ताई, दुकान बंद करूं नका, तुमचें जागरण बंद करा," ती म्हणाली. तिच्या त्या वाक्यावरच पुढची सारी व्यवस्था उभी आहे.

पहिली गोष्ट अशी कीं, पहांटेचे दोन तास झोपेंतून घ्यावयाचे नाहींत. ते रात्रीच्या करमणुकींतून व गप्पांतून घ्यावयाचे. साडेनऊला दिवा मालवला तरच साडेचारला तो लावण्याचा मला अधिकार आहे. त्यांत सात तास झोप बसते. प्रौढ माणसाला इतकी तरी लागतेच. ही देवघेव फुकट झालेली नाहीं. नाटकें गेलीं, लग्नांतल्या रात्रीच्या पंगती गेल्या. मुलगी दहावीला होती तेव्हां तिचा अभ्यास रात्रीं दहानंतर रंगात येई आणि मी झोंपलेली असें. आपल्या शंका ती एका चिठ्ठीवर लिहून चहाच्या डब्याखालीं ठेवी. पहांटे मागण्यांच्या आधीं मी तिचीं उत्तरें लिहीत असें. त्या चिठ्ठ्या मीं जपून ठेविल्या आहेत. पण त्या चिठ्ठ्या म्हणजे तिच्याशेजारीं बसणें नव्हे, हेंही मला ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट, रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशीं दुकान बंद. 'आज उत्तर मिळणार नाहीं, उद्यां मिळेल,' एवढी एक ओळ लावून ठेवतें. तक्रारींचीं उत्तरें भावजय देते, आणि माझ्याहून गोड देते. साडेसहाला घंटा वाजली कीं मागण्यांचा टेलिफोन खणांत जातो. तो मजबरोबर रुग्णालयांत येत नाहीं.

तिसरी गोष्ट रुग्णांविषयीं. भावाची एक फार इच्छा होती. पेटीवर 'डॉक्टरांच्या बागेंतला आंबा' असें छापलें तर खप वाढेल, असें तो म्हणे. खप वाढला असता यांत शंका नाहीं. पण वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारसंहितेची २००२ सालची नियमावली सांगते कीं, जाहिरातीसाठीं डॉक्टरनें आपलें नांव, सही किंवा छायाचित्र लावून कोणत्याही विक्रीच्या वस्तूची शिफारस करूं नये. नियम नसता तरी मीं नाहींच म्हटलें असतें. कारण आजारी माणूस डॉक्टरला 'नको' म्हणावयास भितो. तपासणीच्या टेबलावर पडलेल्या रुग्णानें माझी पेटी घेतली तर ती विक्री नव्हे, खंडणी आहे. म्हणून माझ्या रुग्णांना मी फळ विकीत नाहीं, आणि पेटीवर माझें नांवही नाहीं. रुग्णालयाच्या विश्वस्तांना सारें लेखी कळवून त्यांची संमति घेतली आहे. सरकारी सेवेंतील बंधुभगिनींनीं तर अधिक सावध असावें. महाराष्ट्राच्या १९७९ सालच्या वर्तणूक नियमांप्रमाणें पूर्वपरवानगीवांचून त्यांना खाजगी व्यापार करतां येत नाहीं.

दोन कामें करणारे डॉक्टर आपल्याकडे नवे नाहींत. ग्रँट मेडिकल कॉलेजांतून १८५१ सालीं बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडींतील डॉ. भाऊ दाजी लाड मुंबईचे नामांकित वैद्य होते, आणि शिलालेख व प्राचीन नाणीं यांचे थोर अभ्यासकही. त्यांनीं दोन्ही कामें चालविलीं. शिलालेख शेंकडों वर्षें थांबलेला असतो, तो आणखी एक दिवस थांबतो. डॉ. श्रीराम लागू कान, नाक व घशाचे शल्यविशारद होते; वर्षानुवर्षें त्यांनीं शस्त्रक्रिया व नाटक हीं दोन्ही सांभाळलीं, आणि १९६९ सालीं शस्त्र खालीं ठेवून ते रंगभूमीचेच झाले. नाटकाची तिसरी घंटा थांबत नाहीं, आणि रुग्णही थांबत नाहीं. न थांबणारीं दोन कामें एका माणसाला कायमचीं पेलत नाहींत. माझ्या अल्पशा व्यवहाराची तुलना या मोठ्या माणसांशीं करण्याचा माझा हेतु नाहीं. त्यांच्याकडून मीं घेतला तो धडा एवढाच कीं, रुग्ण थांबत नसेल तेव्हां दुसऱ्या कामाला थांबतां आलें पाहिजे. आमचा आंबा थांबत नव्हता. भावजयीनें हात पुढें केला तेव्हां कुठें तो माझ्यापुरता थांबूं लागला.

कित्येक तरुण निवासी डॉक्टर मला विचारतात, "आम्हीही असें कांहीं सुरू करावें काय?" कर्ज डोक्यावर असतें, विद्यावेतन अपुरें असतें, त्यांचा प्रश्न पोटांतून आलेला असतो. मी त्यांना विचारतें, "काल किती तास झोंपलात?" पांच म्हणून उत्तर आलें तर मी म्हणतें, "आज नको. तुमच्यापाशीं विकावयाला वेळ नाहीं; जो आहे असें वाटतें तो रुग्णाचा आहे."

अडत्याची उचल तिसऱ्या हंगामाच्या शेवटीं फिटली. बाग आमचीच आहे. भावजयीनें आतां नोंदींचें कामही बरेंचसें उचललें आहे, आणि माझे दोन तास आतां दीडावर आले आहेत. उरलेल्या अर्ध्या तासांत मी खिडकीशीं बसून चहा घेतें. मग साडेसहाची घंटा होते, टेलिफोन खणांत जातो, आणि मी रुग्णालयाची वाट धरतें. तेथें त्या वडील सिस्टर अजून आहेत. डिजॉक्सिनचा कागद त्यांच्या हातीं देण्यापूर्वीं मात्रेचा आंकडा मी त्यांना मोठ्यानें वाचून दाखवितें. त्या तो परत मला वाचून दाखवितात. नंतरच मी पुढच्या खाटेकडे वळतें.