दप्तर खुले झाले; वाचणार कोण?

(उधवा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)

उधव्याच्या कोणत्याही पाड्यावर वनजमिनीच्या दाव्याची गोष्ट निघाली की एक प्रश्न हटकून पुढे येतो : कागद आहे काय? पिढ्यानपिढ्या जमीन कसणाऱ्या वारल्यापाशी बहुधा कागद नसतो. आणि ज्याने ती जमीन कधी नांगरली नाही, त्याच्यापाशी कागदांचा ढीग असतो. डहाणू-तलासरीचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास हा बव्हंशी याच विषमतेचा इतिहास आहे. सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे ते कुळाला वाचता येत नव्हते, तरी त्या वहीवर अंगठा मात्र त्यालाच उठवावा लागे. म्हणून संशोधनाची खुली दप्तरे हा विषय वरवर पाहता विद्यापीठातील पंडितांचा वाटला, तरी तो या तालुक्यांतील कार्यकर्त्याचाही आहे.

खुले दप्तर म्हणजे काय, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. ग्रंथ, प्रबंध, अहवाल, नकाशे, आकडेवारी, ध्वनिमुद्रणे यांच्या प्रती संगणकावर साठवून त्या कोणालाही, कोणतेही मूल्य न देता पाहता याव्यात, अशी ही व्यवस्था आहे. १९९१ साली अमेरिकेत पॉल गिन्स्पार्ग या शास्त्रज्ञाने भौतिकशास्त्राच्या लेखांसाठी असे भांडार सुरू केले. २००२ साली बुडापेस्ट येथील जाहीरनाम्याने या चळवळीला तात्त्विक बैठक दिली. समाजाच्या पैशातून झालेले संशोधन समाजाला विकत घ्यावे लागू नये, हा तिचा गाभा होय. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमावलीने पीएच. डी. चे प्रबंध असे खुले करण्याचा दंडक घातला, आणि गांधीनगरच्या 'शोधगंगा' भांडारात देशभरातील विद्यापीठांचे प्रबंध जमू लागले.

परंतु या भांडारात जे सापडते ते एका जातीचे नसते, हे ध्यानात न घेतल्यास कार्यकर्त्याची फसगत होते. धान्याच्या कोठारात भात, नागली आणि कोंडा एकत्र पडलेला असावा, तशी ही स्थिती आहे. निवडून घेण्याचे काम वाचणाऱ्याला करावे लागते.

पहिली जात सरकारी दप्तराची. १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये वारली, काथोडी, दुबळा, कोकणा या जमातींचे वर्णन आहे. ते जेम्स कॅम्बेल या इंग्रज अधिकाऱ्याच्या संपादनाखाली, राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी लिहिले गेले. त्यातील आदिवासीविषयीचे शेरे अनेकदा तुच्छतेचे आहेत. तथापि राज्यकर्त्यांनीच नोंदवून ठेवले असल्यामुळे एक गोष्ट त्यांना आता नाकारता येत नाही : हे लोक त्या काळीही या रानात राहत होते व रानावरच जगत होते. याच जातीचा दुसरा नमुना म्हणजे मुंबई सरकारने १९३७ साली नेमलेल्या डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याचा अहवाल. वेठ, कर्जापायी येणारी गुलामी आणि जमीनदारांची मारझोड यांची कबुली त्यात सरकारच्याच नोकराने दिली आहे. शत्रुपक्षाच्या साक्षीदाराने दिलेली कबुली न्यायासनापुढे अधिक वजनाची ठरते, हे कोणत्याही वकिलाला ठाऊक असते.

दुसरी जात अभ्यासकांच्या ग्रंथांची. ग्रियर्सनच्या भाषा-पाहणीचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात वारली बोलीची नोंद आहे. के. जे. सावे यांचा वारल्यांवरील इंग्रजी ग्रंथ १९४५ साली प्रसिद्ध झाला. चालीरीती, देवदेवता, लग्नविधी यांच्या माहितीसाठी तो आजही उपयोगी आहे. मात्र त्याच वर्षाच्या २३ मे रोजी झरी येथे हजारो वारली एकत्र जमले आणि वेठबिगार व लग्नगडी या प्रथांविरुद्ध उभे राहिले, हे जाणून घ्यावयाचे तर अन्य प्रकारच्या लिखाणाकडे वळावे लागते.

ही तिसरी जात : चळवळीने स्वतः लिहिलेले कागद. शामराव परुळेकरांनी उठावासंबंधी केलेले लेखन आणि गोदावरी परुळेकरांचा १९७० साली प्रसिद्ध झालेला 'जेव्हा माणूस जागा होतो' हा ग्रंथ या वर्गात मोडतो. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच आदिवासी मारले गेले. सरकारी दप्तरात अशा प्रसंगाची नोंद 'बंदोबस्त' म्हणून होते, तर चळवळीच्या लिखाणात तीच नोंद हौतात्म्य म्हणून होते. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले तरच घटना पूर्णपणे कळते. चळवळीचे लिखाणही एका बाजूचे असते, हे कबूल करण्यात कार्यकर्त्याने कमीपणा मानू नये.

योगायोग असा की गोदावरीबाई ज्या भारत सेवक समाजाच्या सदस्य होत्या, त्या संस्थेचा ग्रंथसंग्रह पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयात सामावला गेला आहे; आणि धनंजयराव गाडगीळांचे नाव असलेल्या त्या ग्रंथालयाने आपल्याकडील हजारो जुने ग्रंथ व अहवाल संगणकावर सर्वांसाठी खुले केले आहेत. जे पाहण्यासाठी पूर्वी पुण्याला जाऊन शिफारसपत्र मिळवावे लागे, त्यातील पुष्कळसे आता तलासरीच्या बाजारात उभे राहून हातातील फोनवर वाचता येते.

चौथी जात प्रबंधांची. शोधगंगेत आदिवासी, वनजमीन, कुपोषण, स्थलांतर या विषयांवर इंग्रजीप्रमाणे मराठीतही प्रबंध आहेत. ते परीक्षकांनी तपासलेले असतात. पण प्रबंधाचा कस विद्यापीठागणिक आणि मार्गदर्शकागणिक बदलतो. काहींमध्ये पाड्यापाड्यावर हिंडून मिळवलेली मोलाची माहिती आहे, तर काहींमध्ये जुन्याच मजकुराची पुनरावृत्ती. पाचवी जात अद्याप कोणीही न तपासलेल्या लेखांची. जानेवारी २०२० च्या अखेरीस कोरोना विषाणूसंबंधी दिल्लीतील संशोधकांचा एक लेख अशाच एका भांडारात आला, जगभर गाजला, आणि टीकेनंतर लेखकांनी तो दोनतीन दिवसांतच मागे घेतला. खुलेपणामुळे चूक लवकर पसरली आणि खुलेपणामुळेच ती लवकर पकडली गेली. ज्यांनी पहिली बातमी ऐकली पण दुसरी ऐकली नाही, त्यांच्या मनात मात्र ती चूक घर करून राहिली.

सहावी जात सर्वांत महत्त्वाची, आणि तीच सर्वांत तुटपुंजी आहे : ज्यांनी कधी लेखणी धरली नाही त्यांचे शब्द. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी महाराष्ट्राच्या गावोगाव बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१४ साली सुरू झालेल्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या दप्तराने त्या पुढे सर्वांसाठी खुल्या केल्या. कष्टकरी स्त्रीची ओवी विद्वानाच्या प्रबंधाइतकीच जतन करण्याजोगी आहे, हा समतेचा विचार येथे प्रत्यक्ष व्यवहारात उतरला.

या सर्वांचा उधव्याला उपयोग काय? वनहक्क कायदा २००६ साली झाला आणि २००८ साली त्याचे नियम झाले. त्यांतील तेराव्या नियमात कोणते पुरावे ग्राह्य आहेत याची यादी आहे. गॅझेटियर, जनगणना, जमाबंदीचे अहवाल, नकाशे, उपग्रहचित्रे, सरकारने नेमलेल्या समित्यांचे अहवाल, नामांकित संस्थांनी केलेले संशोधन हे सारे त्यात येते. गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही येतो; घर, बांध, ताली यांसारख्या खुणाही येतात. २०१२ च्या दुरुस्तीने तर असे स्पष्ट केले की उपविभागीय वा जिल्हा समितीने अमुकच प्रकारचा कागद आणा असा हट्ट धरता कामा नये. तेव्हा 'दंडाची पावती नाही, म्हणून दावा नाही' असे कोणी सांगू लागल्यास ते कायद्याला धरून नाही.

येथे भ्रम नसावा. १८८२ चे गॅझेटियर अमक्याचा एक एकराचा तुकडा सिद्ध करीत नाही. त्यासाठी शेजाऱ्याचा व म्हाताऱ्यांचा जबाब, जागेवरील बांध, एकसालीचा जुना कागद, उपग्रहचित्र हेच कामी येणार. परंतु बांबू, मध, मोह, चराई यांवरील गावाच्या सामूहिक हक्काचा दावा जेव्हा मांडला जातो, तेव्हा हा समाज या रानावर केव्हापासून जगतो हे दाखविणारे जुने दप्तर बळ देते. दोन प्रकारच्या पुराव्यांची गल्लत झाली की चांगला दावाही पडतो.

आता अडचणींकडे वळू. पहिली पैशाची. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये मंजूर करून तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके वर्गणीने घेतली. त्यांचा लाभ सरकारी उच्च शिक्षणसंस्था व संशोधनसंस्था यांना मिळतो. तलासरीतील शाळामास्तराला वा पाड्यावरच्या कार्यकर्त्याला घरबसल्या मिळत नाही. लोकांच्या करातून झालेले संशोधन लोकांच्याच करातून पुन्हा विकत घ्यावयाचे आणि तरीही ते सर्वांसाठी खुले नसावे, हा न्याय कोणता? दुसरी अडचण भाषेची. या विषयावरचे बहुतेक दप्तर इंग्रजीत आहे. ते कोणी मराठीत आणले नाही, तर सावकाराची वही आणि हे भांडार यांत निरक्षर माणसाच्या दृष्टीने फारसा फरक उरत नाही.

तिसरी अडचण अधिक नाजूक आहे. जे सर्वांना खुले, ते कंपनीलाही खुले. हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले. भारताने जुन्या ग्रंथांचे पुरावे सादर केल्यावर १९९७ साली ते रद्द झाले. पुढे पारंपरिक ज्ञानाचे जे भांडार देशाने उभे केले, ते सरसकट खुले न करता प्रथम पेटंट कार्यालयांपुरते ठेवावे लागले. भगताला ठाऊक असलेली झाडपाल्याची औषधे कोणी विचारावयास आल्यास ती सांगावी की नाही, हे पाहुण्याने ठरवावयाचे नाही, ग्रामसभेने ठरवावे. खुलेपणाचे तत्त्व सत्ताधाऱ्यांच्या कागदांना पूर्ण लागू व्हावे. दुबळ्यांच्या ज्ञानाला ते त्यांच्या संमतीनेच लागू व्हावे.

साथींनो, यातून कामे निघतात ती मोठी नाहीत, पण चिकाटीची आहेत. प्रत्येक गावच्या वनहक्क समितीत एका तरी शिकलेल्या मुलाने वा मुलीने ही दप्तरे धुंडाळण्याची सवय करावी. कागद हाती आला की चार प्रश्न विचारावेत : लिहिले कोणी, केव्हा, कोणासाठी, आणि तपासले कोणी? जे उपयोगाचे असेल त्याचा सारांश मराठीत करून ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावा. वारली बोलीत समजावून सांगता आला तर अधिक चांगले. आणि गावातील म्हाताऱ्यांच्या आठवणी त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करून, तारीख व नाव लिहून ठेवाव्यात. झरीच्या त्या दिवशी जे तरुण होते, त्यांच्यापैकी आज क्वचितच कोणी हयात असेल. त्यांच्याकडून ऐकलेली मुलेही आता म्हातारी झाली आहेत. गॅझेटियर आणखी शंभर वर्षे टिकेल. या म्हाताऱ्यांची साक्ष तेवढी थांबणार नाही. ती या उन्हाळ्यातच लिहून घेतली पाहिजे.