मागे घोडा उभा आहे



कॅलिफोर्नियात लेक टाहोच्या परिसरातून ऑबर्न गावापर्यंत उन्हाळ्यात घोडेस्वारांची एक दौड होते. तिचं नाव टेव्हिस कप. 1955 साली ती सुरू झाली. सिएरा नेवाडाच्या डोंगरांतून 100 मैल, म्हणजे 160 किलोमीटर, आणि तेही 24 तासांत. अशा दौडींना येणारी मंडळी आधीच मुक्कामी पोहोचतात आणि घोड्याशेजारीच रात्र काढतात. साहजिकच कित्येकांच्या मनात येतं, झोपायला आणि रांधायला आपलं मोटरहोम आहेच, त्याच्याच मागे घोड्यांचा ट्रेलर जोडला तर वेगळा ट्रक कशाला हवा?

जोडता येतो. मात्र ‘इंजिन ओढेल का’ हा जो प्रश्न सगळे आधी विचारतात, तो माझ्या मते सगळ्यांत शेवटी विचारावा. आधी विचारावं की हे सगळं थांबवता येईल का, आणि थांबताना मागच्या जनावराचं काय होईल.

वजनाचा हिशेब करू. एक घोडा साधारण 500 किलोचा. दोन घोडे, रिकामा ट्रेलर, खोगिरं, वैरण, पाणी धरलं की 2,500 ते 2,700 किलो सहज होतात. पेट्रोलवर चालणाऱ्या अनेक मोटरहोमच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडण्याच्या आकड्यावर, 5,000 पौंडांची मर्यादा छापलेली असते, म्हणजे जेमतेम 2,270 किलो. ती इथेच ओलांडली. शिवाय गाडी आणि ट्रेलर मिळून एकूण किती वजन चालेल, याचीही वेगळी मर्यादा असते. घरात 300 लिटर पाणी भरलं की 300 किलो तिथेच गेले. म्हणून निघण्यापूर्वी सगळं भरून वजनकाट्यावर उभं राहावं. अमेरिकेत ट्रकवाल्यांच्या थांब्यांवर असे काटे मिळतात. मोठ्या डिझेल मोटरहोमची ओढण्याची मर्यादा बरीच जास्त असते. दोन घोडे न्यायचे असतील तर विचार तिथूनच सुरू करावा.

दुसरी अडचण बांधणीतली. मोटरहोमच्या मागच्या चाकांपासून हिच फार लांब असतो, कित्येकदा दोन-तीन मीटर. ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार त्या टोकावर येतो. हिच जितका लांब, तितकी पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड सुटते. वळताना गाडीचं शेपूट उलट्या बाजूला झुकतं आणि ट्रेलरला ढकलतं. त्यात अनेक गाड्यांमध्ये मूळ चॅसीला मागून लोखंडी तुकडा जोडून ती वाढवलेली असते आणि हिच त्या जोडावर बसवलेला असतो. खाली वाकून ते जोडकाम पाहिल्याशिवाय विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नये.

आता घोडा. तो ट्रेलरमध्ये बसत नाही, उभा असतो. गच्च भरलेल्या एसटीत दांडा न धरता उभ्या असलेल्या माणसासारखी त्याची अवस्था असते. तुमच्या प्रत्येक ब्रेकला, प्रत्येक वळणाला तो चारही पायांवर तोल सावरत असतो आणि तासन् तास हे करून थकून जातो. अख्खं घर चालवणाऱ्याला हे जाणवतसुद्धा नाही, कारण मागे आरशात घोडा दिसत नाही. ट्रेलरच्या आत कॅमेरा बसवून पडदा चालकासमोर ठेवावा, तो खर्च मला अत्यावश्यक वाटतो. धुराकडेही बघावं. मोटरहोमच्या इंजिनाचा आणि जनरेटरचा धूर बहुधा मागच्या बाजूला किंवा खालून निघतो, आणि ट्रेलरची खिडकी तिथेच असते.

घोड्याला दाव्याने मान उंच बांधून फार वेळ नेलं, तर श्वासनलिकेतला कफ बाहेर पडत नाही. घोडा मान खाली घालूनच तो साफ करतो. कफ आत राहिला की फुप्फुसाला संसर्ग होतो. म्हणून तीन-चार तासांनी थांबावं, पाणी दाखवावं, मान खाली घालू द्यावी. घाई असली तरीही.

ट्रेलर जोडतानाची एक गोष्ट डोळ्यांसमोर आणा. ट्रेलरचा कप हिचच्या बॉलवर बसला, खटका लागला, खीळ घातली. एवढ्यावर निघायचं नाही. ट्रेलरचा जॅक उलटा फिरवून कप वर उचलून बघायचा. मोटरहोमचं मागचं टोक त्याबरोबर उचललं गेलं, तर जोड पक्का. मग साखळ्या खालून एकमेकींना छेद देऊन लावायच्या. तुटल्यास ट्रेलरचे ब्रेक आपोआप लावणाऱ्या स्विचची तार साखळीला नाही, गाडीच्या सांगाड्यालाच अडकवायची. त्यानंतर रिकाम्या जागेत हळू चालवत फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने लावून पाहायचा. घोडे चढवायचे ते हे सगळं झाल्यावर, आणि मुक्कामी पोहोचल्यावर जोड सोडायच्या आधी उतरवायचे. आत घोडा असताना ट्रेलर कधीही सुटा ठेवू नये. रबरी चटई उचलून खालच्या लाकडी फळ्याही चाचपाव्यात. मुतानं त्या आतून कुजतात आणि वरून कळत नाही.

टाहोच्या बाजूने परतताना डोनर खिंडीचा, सुमारे 7,200 फुटांवरून सॅक्रॅमेंटोकडे उतरणारा रस्ता लागतो. तिथे उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर घ्यावा. ट्रेलर डुलायला लागला तर गाडीचा ब्रेक दाबायचा नाही. ट्रेलरचाच ब्रेक हाताने हळूहळू लावायचा, म्हणजे तो ताणून सरळ येतो.

आणि एक गोष्ट मला सगळ्यांत जास्त काळजीची वाटते. रात्री मुक्कामावर घोड्याला पोटशूळ उठला, तर त्याला दवाखान्यात न्यायला तुमच्याकडे दुसरं वाहन नसतं. ज्या घरात मुलं झोपली आहेत, ज्याचा मांडव बाहेर पसरला आहे, तेच घर आवरून त्याला ट्रेलर जोडून निघावं लागतं. त्यात अर्धा-पाऊण तास सहज जातो, आणि पोटशुळात अर्धा तास फार असतो. तेव्हा एकट्याने अशा जागी जाऊ नये. बरोबरच्या कुणाकडे ट्रक आहे, त्याच्या हिचचा बॉल आपल्या ट्रेलरच्या मापाचा आहे का आणि वायरिंगचा प्लग जुळतो का, हे घरून निघायच्या आधी विचारून, प्रत्यक्ष जोडून पाहून ठेवावं.