वळिवड्याची फेरी आणि आपली फेरी

(परभणी येथे महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'सहल आणि इतिहास' असा विषय छापला आहे. तो वाचून सकाळी दोघीतिघींनी मला विचारले, "ताई, सहल कुठं निघाली?" सहल कुठेही निघालेली नाही. पण पेपरातल्या जाहिराती आपण सगळ्याच पाहतो. पूर्व युरोपची सहल, आठ दिवस, जेवण घरच्यासारखे. पुढे हातात छोटा झेंडा घेतलेला मार्गदर्शक आणि मागे चालणारे लोक. झेंडा थांबला की लोक थांबतात. तो बोट दाखवील तिकडे बघतात. तो सांगेल तो इतिहास. मला आज बोलायचे आहे ते या झेंड्याबद्दल. तो कोणाच्या हातात असतो, आणि तो बाईच्या हातात आला की काय होते?

मी पोलंडला गेलेले नाही. पण पोलंड आपल्याकडे येऊन गेलेला आहे, आणि तोही पाहुणा म्हणून नव्हे, निर्वासित म्हणून. हे मला कळले ते कोल्हापूर जिल्ह्यात.

गेल्या गळीत हंगामात आम्ही काहीजणी तिकडच्या ऊसतोड टोळ्यांवर गेलो होतो. आपल्या गंगाखेड, सोनपेठ भागातल्या बाया तिथे कोप्यांत राहतात. त्यांच्या रेशनचे, लेकरांच्या शाळेचे, बाळंतपणाचे प्रश्न समजून घ्यायचे होते. एके दिवशी तोड बंद होती. चारपाच बायांना गांधीनगरच्या कापडबाजारात जायचे होते, म्हणून आम्हीही निघालो. तिथे ओळखीचे एक निवृत्त शिक्षक भेटले. "कापड नंतर घ्या, आधी आमचं गाव बघा," असे म्हणून त्यांनी आम्हाला वळिवड्यात फिरवले. ही आमची सहल.

त्यांनी सांगितले, की १९४३ ते १९४८ या काळात इथे पाच हजारांच्या आसपास पोलिश माणसे राहत होती. त्यांत पुरुष थोडे, बहुतेक बाया आणि लेकरे. चटईच्या भिंती, वर कौले, अशा बराकींच्या रांगा होत्या. त्यांनी आपल्या शाळा चालवल्या, चर्च बांधले, दुकान चालवले, नाटके केली. शिबिरात वारलेल्यांच्या कबरी कोल्हापुरात अजून आहेत. महावीर उद्यानात १९९८ साली स्मारक झाले, वळिवड्यात २०१९ च्या सप्टेंबरमध्ये स्तंभ उभा राहिला. इथे लहानपण घालवलेली माणसे म्हातारपणी मुलानातवंडांना घेऊन येतात आणि आपण कुठे खेळलो ते दाखवतात.

आमच्यातली एक बाई हे सगळे शांतपणे ऐकत होती. मग तिने विचारले, "ते समदं खरं हाय गुरुजी, पर ह्यांचे मालक कुठं व्हते मग?"

गुरुजी थोडे थांबले. त्यांना उत्तर ठाऊक होते, पण इतका सरळ प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा.

त्याचे उत्तर असे. १ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला, आणि १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत सैन्य आत शिरले. अधिकारी, पोलीस, शिक्षक यांना धरून नेले. १९४० च्या वसंतात त्यांतल्या सुमारे २२,००० जणांना गोळ्या घातल्या. हेच कातीनचे हत्याकांड. त्याच दिवसांत, एप्रिल १९४० मध्ये, पकडलेल्यांच्या बायका, आया आणि मुले यांना मालगाडीच्या डब्यांत भरून कझाकस्तानात पाठवले. त्याआधी फेब्रुवारीत हजारो शेतकरी आणि वनकामगार कुटुंबे उत्तरेकडे आणि सायबेरियात गेली होती. अपरात्री दार वाजायचे आणि थोड्या वेळात बोचके बांधायला सांगायचे. तिकडे लाकूडतोड, शेतावरची मजुरी, भूक, टायफस. नवरा जिवंत आहे की नाही, हे त्या बाईला ठाऊक नसे.

१९४१ साली हिटलरने रशियावर हल्ला केला, तेव्हा राजकारण पालटले आणि या लोकांची सुटका झाली. पुरुष पोलिश सैन्यात भरती झाले. बाया आणि लेकरे मध्य आशियातून कास्पियन समुद्र ओलांडून इराणला, तिथून कराचीला, तिथून कोल्हापूरला आली. मालक कुठे होते? कोणी आघाडीवर, कोणी खड्ड्यात पुरलेले.

युद्ध संपले तरी बहुतेकींना घरी जाता आले नाही. त्यांचा मुलूखच सोव्हिएत संघात गेला होता आणि उरलेल्या पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवट आली होती. पुष्कळजणी इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाला गेल्या. ज्या पोलंडला परतल्या, त्यांना आपली हकीकत उघडपणे सांगण्याची सोय नव्हती. कातीनचा दोष सरकारी इतिहासात जर्मनांवर ढकललेला होता. १९८९ साली पोलंडमध्ये सत्ता बदलली, आणि एप्रिल १९९० मध्ये मॉस्कोने हत्याकांडाची जबाबदारी मान्य केली. म्हणजे पन्नास वर्षे त्या विधवांच्या दुःखालाही सरकारी मान्यता नव्हती.

आपल्यातल्या बऱ्याचजणी लाल झेंड्याच्या मोर्चांतून चळवळीत आल्या आहेत. मजुरी, जमीन, समान वेतन ही भाषा आपण तिथेच शिकलो. त्यामुळे हे ऐकताना जड जाते, मलाही गेले. पण आपल्या बाजूच्या झेंड्याखाली झालेला अन्याय झाकला, तर दुसऱ्याला तो उघड करा म्हणण्याचा हक्क आपल्याला राहत नाही.

आता यावर कोणी म्हणेल, कम्युनिस्ट गेले, इतिहास मोकळा झाला, प्रश्न मिटला. तर तसे झाले नाही, आणि हीच गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे.

पोलंडमध्ये क्राकोव्ह शहराला लागून नोवा हुता नावाची पोलादनगरी १९४९ पासून उभारली गेली. त्या राजवटीत पाहुण्यांना ती अभिमानाने दाखवत. आज तिथेच 'कम्युनिझमची सहल' निघते, जुन्या ट्राबांट मोटारीत बसवून फिरवतात. ठिकाण तेच, गोष्ट उलटी. ग्दान्स्क बंदरातली जहाजगोदीही आज पर्यटनस्थळ आहे. ऑगस्ट १९८० मध्ये तिथे संप झाला आणि 'सॉलिडॅरिटी' संघटना जन्मली. मार्गदर्शक तिथे लेक वालेसा यांचे नाव हमखास घेतो. पण संप पेटला कशावरून? आना व्हालेंतिनोविच नावाच्या क्रेन चालवणाऱ्या बाईला निवृत्तीला पाच महिने उरले असताना कामावरून काढले, त्यावरून. दोन दिवसांत गोदीतल्या कामगारांच्या मागण्या मान्य झाल्या आणि वालेसा संप मागे घ्यायला निघाले. तेव्हा छोट्या कारखान्यांचे काय, असे म्हणून फाटकावर लोकांना अडवणाऱ्यांत पुढे कोण होत्या? व्हालेंतिनोविच, परिचारिका अलिना पिएन्कोव्स्का आणि ट्रामचालक हेन्रिका क्शिवोनोस. त्या नसत्या तर संप तिथेच संपला असता. संपाच्या २१ मागण्यांत नोकरदार आयांच्या मुलांसाठी पाळणाघरे आणि तीन वर्षांची पगारी बाळंतपणाची रजा याही मागण्या होत्या.

राज्य बदलल्यावर त्या बायांच्या वाट्याला काय आले? १९५६ पासून पोलंडमध्ये गर्भपाताचा कायदेशीर हक्क होता. तो नव्या, लोकशाही संसदेने १९९३ च्या कायद्याने जवळजवळ काढून घेतला. ऑक्टोबर २०२० मध्ये तिथल्या घटना न्यायाधिकरणाने तो आणखी आवळला, तेव्हा लाखो बाया आणि पुरुष रस्त्यावर उतरले. जुन्या राजवटीने बाईला ट्रॅक्टरवर बसवून तिचे पोस्टर छापले आणि तिच्या नवऱ्याच्या खुनाबद्दल तिला गप्प बसवले. नव्या राजवटीने तिला हुतात्म्याची आई म्हणून नमस्कार केला आणि तिच्या शरीराचा निर्णय स्वतःकडे घेतला. दोन्ही सहलींत ती चित्रात होती, पण बोलत नव्हती.

ती बोलू लागली, ते बायांनी झेंडा हातात घेतल्यावर. ग्दान्स्कमध्ये 'मेत्रोपोलितांका' नावाच्या उपक्रमातल्या स्त्रियांनी गोदीत काम केलेल्या बायांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांच्या आधारे गोदीतून फेऱ्या काढल्या. मार्गदर्शकही स्त्रियाच. क्राकोव्हमध्येही स्त्रियांच्या इतिहासाच्या अशा पायी वाटा आखल्या गेल्या आहेत. वेल्डिंग कोण करत होते, कपडे बदलायची खोली कुठे होती, मूल कोणाकडे ठेवून यायची, हे ते फाटक दाखवताना आता सांगितले जाते. जागा तीच आहे. प्रश्न विचारणारी बदलली.

म्हणून मला आपल्या त्या बाईचा प्रश्न मोठा वाटतो. तिचे शिक्षण चौथीपर्यंत. पण स्मारकापुढे उभे राहून काय विचारायचे, हे तिला कळले.

आता आपल्या घराकडे येऊ. १७ सप्टेंबर ही तारीख मी मघाशी सांगितली. पोलंडमध्ये त्या दिवशी सायबेरियात हद्दपार झालेल्यांचे स्मरण करतात. आपल्याकडे तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. १९४८ साली याच तारखेला निजामाने शरणागती दिली. दरवर्षी आपण झेंडावंदनाला जातो, भाषणे ऐकतो. त्यांत रझाकारांच्या जुलमाच्या गोष्टी असतात, आणि त्या खऱ्या आहेत. गावे लुटली गेली, कुटुंबे वऱ्हाडात, मुंबई इलाख्यात पळाली. म्हणजे आपल्याही आज्या निर्वासित होत्या. दगडाबाई शेळके यांच्यासारखी हाती शस्त्र घेतलेली बाई भाषणात एखाद्या वाक्यापुरती येते. पण ओटीत लेकरू घेऊन रात्रभर चाललेली बाई कुठे येते? घरात लपलेल्या दहा कार्यकर्त्यांच्या भाकरी थापणारी कुठे येते?

आणि दुसरी बाजू. पोलीस कारवाईनंतर संस्थानात जे झाले त्याची पाहणी पंडित सुंदरलाल यांच्या पथकाने १९४८ च्या अखेरीस केली. किमान २७,००० ते ४०,००० माणसे मारली गेली असा त्यांचा अंदाज. मेलेले बहुसंख्य मुसलमान. बायकांवरचे अत्याचार आणि पळवापळवीही त्यांनी नोंदवली. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपल्या शेजारचा नांदेड आहे. तो अहवाल कित्येक दशके दडलेला राहिला, २०१३ च्या सुमारास तो अभ्यासकांना पाहायला मिळू लागला. आज या सभागृहात ज्या मुसलमान मैत्रिणी बसल्या आहेत, त्यांच्या आज्यांनी १७ सप्टेंबरची गोष्ट कधी चारचौघांत सांगितली आहे का? पोलंडच्या पन्नास वर्षांच्या मौनाबद्दल आपण हळहळतो. आपल्या मौनाला पाऊणशे वर्षे होऊन गेली.

तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदीच्या घरात आहे. आपल्याकडे वेळ फार नाही.

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला गावाचा नकाशा काढायला आणि शिवारफेरी करायला शिकवले. विहीर कुठे, शाळा कुठे, पाणंद कुठे. चांगले शिकवले. पण या विहिरीत कोणी का उडी घेतली, हे त्या नकाशात लिहायला जागा नव्हती. माझा प्रस्ताव असा, की येत्या १७ सप्टेंबरच्या आधी प्रत्येक तालुक्यातल्या गटाने एक तरी फेरी काढावी. गाडी नको, तिकीट नको, दोन तासांची पायी फेरी. गंगाखेडला जनाबाईच्या देवळापासून निघा, परभणीला स्टेशनापासून निघा. १९७२ च्या दुष्काळात बायांनी जिथे खडी फोडली ते रस्ते घ्या. टोळीच्या गाड्या जिथे भरतात तो चौक घ्या. दर्गा घ्या, बुद्धविहार घ्या, तांडा घ्या. प्रत्येक ठिकाणी तिथलीच बाई बोलेल, आपण ऐकू.

काही पथ्ये मात्र पाळू. म्हातारीला बोलायचे नसेल, तर तिचे न बोलणे तिचा हक्क आहे. अत्याचाराची हकीकत असेल तर नाव, गाव लिहायचे नाही. हिंदू बाईची गोष्ट ऐकून मुसलमान बाईला, किंवा उलट, जाब विचारायचा नाही. ऐकलेले लिहून काढायचे आणि जिचे आहे तिला वाचून दाखवायचे.

शेवटी वळिवड्याचेच सांगते. १९४८ साली पोलिश बाया गेल्या आणि त्याच बराकींत फाळणीने घर गमावलेल्या सिंधी बाया येऊन राहिल्या. त्यांनी बाजार उभा केला, तेच आजचे गांधीनगर. परतताना आपल्या बायांनी त्या स्तंभाकडे वळून पाहिले. एक म्हणाली, "पाच वर्सं ऱ्हायल्या तर दगड बसवला. आम्ही वीस वर्सं येतोय, आमच्या कोपीचा दगड कुठं बसवनार?"

मला उत्तर देता आले नाही. दगड बसवणे आपल्या हातात नाही. पण तिच्या कोपीपाशी थांबून, तिला पुढे करून, बाकीच्यांनी मागे उभे राहून ऐकणे आपल्या हातात आहे. तिथून सुरुवात करू या.