चिखलातली जीप आणि तिचा दोर

गेल्या श्रावणातला एक रविवार. बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणाऱ्या वाटेवर माझ्या एका शेतकरी स्नेह्यांचं घर आहे, तिथं मी जेवायला गेलो होतो. लावणी केव्हाच आटोपली होती, आणि घरामागच्या पडीक माळावर सकाळपासून इंजिनांची घरघर चालू होती. जाऊन पाहतो तो सहा-सात जीपगाड्या. त्यांतली एक ओहोळाकाठच्या चिखलात पार पोटापर्यंत रुतलेली. तिच्या नाकापासून एक तारेचा दोर निघून पन्नास-साठ हातांवरच्या ऐनाच्या झाडापर्यंत गेलेला, आणि त्या ताणलेल्या दोराच्या दोन्ही अंगांना गावातली वीस-पंचवीस पोरं अशी दाटीनं उभी, की जणू पालखीच निघाली आहे.

दोर कुरकुरू लागला. तेवढ्यात माझ्या स्नेह्यांचे वडील, वय पंच्याहत्तरच्या पुढचं, काठी उगारून पोरांच्या अंगावर धावले. "ए, मागं व्हा! दोराच्या अंगाला कोण उभं राहतं?" पोरं पांगली. गाडी निघाली, काही झालं नाही. पुढं ओटीवर बसल्यावर मी आजोबांना विचारलं, तर म्हणाले, "मास्तर, मी अंबरनाथला कारखान्यात क्रेनवर होतो. तार तुटताना एकदा पाहिलीय. त्या माणसाचा पायही पाहिलाय." एवढंच बोलले. आजचं हे भाषण मी त्या दोन वाक्यांपायी करतो आहे.

हा खेळ काय आहे ते आधी सांगतो. चारही चाकांना इंजिनचा जोर पोचतो अशी गाडी घ्यायची, तिच्यात आपल्या सोयीचे फेरफार करायचे, आणि जिथं रस्ता नाही तिथून, म्हणजे दगडांवरून, घळीतून, चिखलातून ती पार न्यायची. शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढं वेग येतो. इथं वेगाला फारशी किंमत नाही. अडलेली गाडी निघते कशी, यातच सारं कसब. मलेशियात १९९७ साली पावसाळी जंगलातली अशी एक मोठी स्पर्धा सुरू झाली, आणि २०१४ पासून तिची भारतीय आवृत्ती आपल्या शेजारी गोव्यात, ऐन पावसात होऊ लागली. प्रत्येक गाडीत दोन माणसं. एक चालवणारा आणि दुसरा त्याचा साथीदार. चालवणाऱ्याचं नाव होतं. पण गुडघाभर चिखलातून दोर खांद्यावर घेऊन वर चढणारा, झाड निवडणारा, गाठ नीट बसली की नाही ते पाहणारा हा दुसरा गडीच खरा, असं माझं मत झालं आहे.

आपल्या भागाचा आणि जीपचा संबंध तसा जुना. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार झाल्या, आणि युद्ध जिथं जिथं गेलं तिथं त्या गेल्या. कल्याणजवळ त्या वेळी लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली हजारो कुटुंबं त्याच छावणीच्या बराकींत राहू लागली, आणि १९४९ साली त्या वसाहतीचं उल्हासनगर असं नामकरण झालं. आजही तिथला माणूस पत्ता सांगताना "कॅम्प नंबर चार" असंच म्हणतो. त्याच सुमारास मुंबईत माझगावला महिंद्र कंपनीनं अमेरिकेतल्या विलीज कंपनीच्या परवान्यानं जीप जोडायला सुरुवात केली. मामलेदाराची जीप, पाटबंधाऱ्याची जीप, पुढं वडाप वाहणारी जीप, ही सारी तिचीच वंशावळ. १९८५ मध्ये आलेली आणि आता बंद झालेली मारुती जिप्सी, पुण्याची गुरखा, २०१० साली आलेली थार, या खेळातल्या बहुतेक गाड्या यांतल्याच.

साधी गाडी चिखलात का अडते, हे शेतकरी बंधूंना सांगायला नको. पण एक गंमत आहे. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरावं म्हणून आसामध्ये डिफरन्शियल नावाची दंतचक्रांची पेटी असते. ही पेटी चिखलात उलटते. जे चाक घसरतं तेच गरगर फिरत राहतं आणि कोरड्या जमिनीवरचं चाक स्वस्थ बसतं. म्हणून ही मंडळी दोन्ही चाकं एकत्र बांधणारं कुलूप आसात बसवतात. टायरमधली हवाही कमी करतात. त्याचा हिशेब सोपा आहे. एका चाकावर तीनशे किलो भार आहे आणि हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला दोन किलो आहे, तर टायर जमिनीला साधारण दीडशे चौरस सेंटिमीटर टेकतो. दाब निम्मा केला की तीनशे टेकतो. अनवाणी माणूस चिखलात बोटं पसरून चालतो, तसंच हे.

बाकीचे फेरफार मी सांगत बसत नाही. मात्र तरुणांच्या कानावर एक गोष्ट घालतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या कागदात आणि कारखान्याच्या मूळ घडणीत नसलेला बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. म्हणून शहाणे खेळाडू आपली स्पर्धेची गाडी ट्रकवर चढवून मैदानापर्यंत नेतात. बाजारातून मोठाले टायर आणून त्याच गाडीनं बायको-मुलांसह हायवेला लागणाऱ्याला मी शहाणा म्हणणार नाही.

आता विंच. नाव इंग्रजी असलं तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. विहिरीवरचा रहाट आडवा करून गाडीच्या नाकावर बसवा, माणसाच्या हाताऐवजी बॅटरीवर चालणारी मोटर लावा, मध्ये दंतचक्रं घाला, झाला विंच. दोराचं टोक झाडाला अडकवायचं आणि गाडीनं स्वतःलाच ओढून घ्यायचं. चाकं बुडेपर्यंत रुतलेली गाडी काढायला जवळजवळ तिच्या वजनाइतका जोर लागतो असा ठोकताळा आहे, आणि गाडी अंगापर्यंत बुडाली असेल तर त्याच्याही दुप्पट धरतात. म्हणून भरल्या गाडीच्या निदान दीडपट ताकदीचा विंच घ्यावा असं सांगतात. साधारण चार-साडेचार टनांचा विंच पुष्कळ ठिकाणी दिसतो.

पण ती चार टनांची ताकद ढोलावरच्या दोराच्या अगदी पहिल्या थराला असते. वरचे थर चढत जातात तसा ढोलाचा घेर वाढतो आणि ओढ कमी होते. शेवटच्या थरावर ती सुमारे एक तृतीयांशानं घटलेली असते. म्हणजे जवळचं झाड सोयीचं खरं, पण त्याला दोर बांधला तर ढोलावर पुष्कळ दोर शिल्लक राहतो आणि जोर कमी मिळतो. लांबचं झाड निवडणाऱ्याला आपण वेडा म्हणतो, तो वेडा नसतो. मात्र अगदी सगळा दोरही सोडायचा नाही. तारेचे निदान पाच वेढे ढोलावर ठेवावे लागतात, नाहीतर टोकच उपटून येतं.

त्याहून मोठी युक्ती कप्पीची. झाडाला कप्पी बांधली, दोर तिच्यातून ओवून परत गाडीला अडकवला, की गाडीवरची ओढ दुप्पट होते आणि वेग निम्मा. इथं काही फुकट मिळत नाही. जोर हवा असेल तर वेळ द्यायचा. मात्र त्या वेळी झाडावर येणारा भारही दुप्पट झालेला असतो, हे पुष्कळजण विसरतात. दोन्ही पदर एकमेकांशी काटकोन करत असतील तर भार सुमारे एक पूर्णांक चार पट, आणि एकशेवीस अंशांचा कोन असेल तर दोराच्या ताणाइतकाच. अंबरनाथचं शिवालय १०६० साली उभं राहिलं. त्याचे ते अवजड दगड वर चढवणाऱ्यांना कोनमापक ठाऊक असो-नसो, दोर कुठल्या दिशेला मरतो हे हाताला नक्कीच कळत असेल.

झाडाविषयी सांगायलाच हवं. तारेचा दोर सरळ खोडाला गुंडाळला तर तो सालीत कापत जातो, आणि सालीच्या आतल्या भागातूनच पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडं जातं. चारी बाजूंनी साल कापली गेली तर ते झाड वर्ष-दोन वर्षांत वाळतं. म्हणून खोडाला रुंद कापडी पट्ट्याचा वेढा देतात, तोही बुंध्याशी खाली, आणि त्या पट्ट्याला दोर अडकवतात. तुमच्या बांधावरच्या मोहाला किंवा आंब्याला कुणी नुसती तार बांधू लागला, तर बेलाशक हटकावं. त्याला पट्टा आणायला सांगावं. नसेल तर झाड द्यायचं नाही.

आता त्या पोरांकडे येऊ. ताणलेला दोर शांत दिसतो, म्हणूनच तो फसवतो. टनाटनांचा ताण तारेत साठलेला असतो, आणि तार, शॅकल किंवा गाडीचा हूक, यांतलं काहीही तुटलं तर ती साठवण एका क्षणात बाहेर पडते. तार चाबकासारखी उलटते, हूक गोळ्यासारखा सुटतो. हल्ली पुष्कळ ठिकाणी कृत्रिम धाग्याचे दोर वापरतात. ते हलके असतात, पाण्यावर तरंगतात आणि तारेइतकी ऊर्जा साठवत नाहीत. पण धारदार दगडावर घासले की तेही तुटतात, आणि पुढं लावलेलं लोखंड लोखंडच असतं. म्हणून दोराच्या मध्यावर जाड गोणपाट, ओली सतरंजी, काही ना काही जड अंथरूण टाकतात. दोर तुटलाच तर ते त्याला जमिनीवर आणतं.

उभं कुठं राहावं? दोर जेवढा लांब सोडला असेल त्याच्या दीडपट तरी दूर. कप्पी लावून दोर कोनात वळवला असेल तर त्या कोनाच्या पोटात कोणीही, कधीही नाही. कप्पी सुटली तर ती तिथंच येते. ताणलेल्या दोरावरून ओलांडायचं नाही, त्याखालून वाकून जायचं नाही, आणि त्याला हात लावून "किती ताठ झालाय" ते पाहायचं नाही. हा शेवटचा मोह पोरांनाच होतो असं नाही. मलाही झाला होता.

जमिनीबद्दल दोन शब्द. पावसात माळ मोकळा दिसतो, तो मोकळा नसतो. तो कुणाचं गायरान असतो, कुणाचं पुढच्या वर्षीचं नाचणीचं शेत असतो. राखीव जंगलात परवानगीवाचून गाडी घालणं हा तर गुन्हाच. आणि आमच्या भागात आणखी एक गोष्ट: बारवीचं पाणी उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या नळांना येतं. ओहोळात उभ्या राहिलेल्या गाडीतून गळलेलं तेल वाहत कुठं जातं, हे सांगायला भूगोलाचा नकाशा नको. वालधुनी नदीची आपण काय दशा केली ते पाहिलेल्या माणसांनी तरी वरच्या ओहोळांना जपावं. त्या रविवारच्या मंडळींनी माझ्या स्नेह्यांना आधी विचारलं होतं, आणि जाण्यापूर्वी फुटलेला बांध फावड्यानं घालून दिला. तो पहिल्यासारखा झाला नाही, पण घातला.

आता पाणी. पुष्कळांना वाटतं, उंच गाडी, चारही चाकांना जोर, मग पुराचं पाणी काय करणार? हिशेब करू. गाडीचा तळ समजा दीड मीटर रुंद आणि तीन मीटर लांब. म्हणजे साडेचार चौरस मीटर. पाणी तळाच्या वर दहा सेंटिमीटर चढलं, की ते गाडीला साडेचारशे किलोनं वर उचलतं. वीस सेंटिमीटर चढलं की नऊशे. दीड हजार किलोच्या गाडीचा चाकांवर उरला सहाशे किलो भार, आणि पाणी बाजूनं लोटतंच आहे. आत पाणी शिरेपर्यंत ती गाडी म्हणजे होडी, आणि वल्ही नाहीत. इंजिनमध्ये पाणी ओढलं गेलं तर आणखी निराळंच. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. आतला दांडाच वाकतो.

२६ जुलै २००५ चा पूर आपल्याकडे कुणी विसरलेलं नाही. आणि २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान हजारावर प्रवाशांसह अडकली, तेव्हा माणसं बाहेर काढली ती हवा भरलेल्या रबरी होड्यांनी. राष्ट्रीय आपत्ती दलाचे जवान होते, नौदल होतं, आसपासच्या गावची माणसं होती. तिथं कुठलीही जीप कामाची नव्हती. पण पाणी ओसरल्यावर रस्त्यावर आडवी पडलेली झाडं ओढायची असतात, रुतलेले टेम्पो काढायचे असतात, दरडीचे दगड बाजूला सारायचे असतात. तिथं कप्पी, पट्टा आणि दोर जाणणारी चार माणसं गावात असली तर तहसिलातून क्रेन येईपर्यंत बसून राहावं लागत नाही. माझ्या मते या खेळाची खरी किंमत तिथं आहे, आणि गावच्या पोरांनी लांबून का होईना, पण लक्ष देऊन तो पाहावा असं मी म्हणतो ते त्यासाठीच.

गुरुजींसाठी एक लहानसं सुचवतो. कपडे वाळत घालायची एक कप्पी, पाच किलो वाळूची पिशवी आणि ताणकाटा, एवढ्यावर दुप्पट जोराचा धडा वर्गात होतो. मग एक रबर आणि एक सुती दोरा बाकावर दोन खिळ्यांमध्ये सारखे ताणून बांधा, मुलांना मागं उभं करा, आणि दोन्ही कात्रीनं कापा. दोरा जागीच पडतो. रबर कुठं जातं ते मुलांनाच शोधू द्या.

गणपतीनंतरच्या रविवारी मी पुन्हा तिकडं गेलो. गाड्या आल्या होत्या, पोरंही जमली होती, पण सगळी एका पांढऱ्या रेघेच्या मागं. आजोबांनी सकाळीच फक्की टाकून ठेवली होती. अंतर त्यांनी पावलांनी मोजलं होतं, आणि दोराच्या लांबीच्या दीडपटीहून वर चार पावलं जास्त धरली होती.