लोकप्रचाराचें मोजमाप

ज्या वस्तूला किंमत नाहीं तिचा खप मोजावा कसा, हा प्रश्न प्रथमदर्शनीं विनोदी वाटेल. दुकानदारानें संध्याकाळीं गल्ला मोजला कीं जाहिरातीचें फळ त्याला कळतें. परंतु जी वस्तु फुकट मिळते, जिची घडण कोणालाहि उघडून पाहतां येते व हवी तशी सुधारतां येते, आणि जिचा प्रचारहि पगारी नोकर न करतां तिचे चाहतेच करतात, तिच्या बाबतींत गल्लाच नसतो. मुक्तस्रोत संगणकप्रणालीची स्थिति नेमकी अशी आहे. तिच्या प्रचारासाठीं लोक आपला वेळ वेंचतात, पदरचे पैसेहि घालतात. तें सारें सार्थकीं लागलें कीं वायां गेलें, हें ठरवावयाचें कशावरून?

या बाबतींत फायरफॉक्सचें उदाहरण मोठें बोधक आहे. महाजालावरील पानें पाहण्याच्या साधनाला ब्राउझर म्हणतात, हें आपण जाणतांच. २००४ सालीं मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्स्प्लोरर जगांतील दहांपैकीं नऊ संगणकांवर होता, कारण विंडोजबरोबर तो आपोआपच येई. मोझिला फाउंडेशनपाशीं त्याच्याशीं टक्कर देण्याइतका पैसा नव्हता; होते ते केवळ स्वयंसेवक. त्या वर्षींच्या सप्टेंबरांत 'स्प्रेड फायरफॉक्स' ही चळवळ निघाली. दहा दिवसांत दहा लक्ष प्रती लोकांनीं उतरवून घ्याव्या असा संकल्प होता. तो सुमारें चार दिवसांतच पुरा झाला. ९ नोव्हेंबर २००४ रोजीं पहिली पक्की आवृत्ति निघाली, आणि १६ डिसेंबरला 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्यें दोन पानें भरून जाहिरात झळकली. तिचा खर्च वर्गणीनें भागविला होता, व वर्गणीदारांचीं सुमारें दहा हजार नांवें बारीक अक्षरांत तींत छापलीं होतीं. ऑक्टोबर २००५ मध्यें उतरवून घेतलेल्या प्रतींची संख्या दहा कोटींवर गेली. पुढें जून २००८ मध्यें तिसऱ्या आवृत्तीच्या वेळीं तर चोवीस तासांत ८०,०२,५३० प्रती गेल्या, आणि गिनेसच्या विक्रमांत त्याची नोंद झाली.

हे आंकडे कोणाचेंहि मन मोहून टाकतील असे आहेत. परंतु ज्यानें आयुष्य शाळेंत घालविलें त्याला हजेरीपटाची आठवण झाल्यावांचून राहात नाहीं. पटावरील मुलें वेगळीं आणि बांकावर बसलेलीं मुलें वेगळीं. ऑक्टोबर २०११ मध्यें महाराष्ट्र सरकारनें शाळाशाळांतून पटपडताळणी केली, तेव्हां पटावरचीं लक्षावधि मुलें वर्गांत नाहींतच असें उघडकीस आलें. उतरवून घेतलेल्या प्रतींचा आंकडा हा पट होय. एकच गृहस्थ घरीं, कचेरींत आणि पुन्हां नव्या यंत्रावर अशा तीन प्रती घेतो; दुसरा कुतूहलानें घेतो आणि दुसऱ्याच दिवशीं विसरतो. उलटपक्षीं, एखादा शिक्षक एकच प्रत आणून शाळेंतल्या तीस यंत्रांवर चढवितो, आणि तीं तीस यंत्रें हिशेबांत येतच नाहींत. म्हणजे हा आंकडा फुगलेला आहे कीं आखडलेला आहे, हेंहि सांगतां येत नाहीं.

या चळवळींत प्रत्येक स्वयंसेवकास एक बटन दिलें जाई. तें त्यानें आपल्या पानावर लावावें, आणि त्यावरून जितके लोक फायरफॉक्सकडे वळतील तितके गुण त्याच्या नांवावर जमा व्हावे. योजना कल्पक होती खरी. पण गुण मिळूं लागले कीं विद्यार्थी विषय सोडून गुणांचा अभ्यास करतो, हा आम्हां मास्तरांचा नित्याचा अनुभव. शिवाय जो भाचा रविवारीं मामाकडे जातो, त्यांच्या संगणकावर नवा ब्राउझर बसवितो आणि मामींना तो वापरावयास शिकवितो, त्याला एकहि गुण नाहीं. माझ्या मतें खरा प्रचारक तोच!

आतां यश आलें असें धरलें तरी तें कोणाचें? इंटरनेट एक्स्प्लोररची सहावी आवृत्ति २००१ सालची. सातवी यावयास २००६ चा ऑक्टोबर उजाडला. पांच वर्षें प्रतिस्पर्धी झोंपला होता. त्यांतच जून २००४ मध्यें अमेरिकेच्या सरकारी संगणक-सुरक्षा पथकानें एक्स्प्लोररमधील एका दोषाबद्दल इशारा देतांना, दुसरा ब्राउझर वापरणें हाहि एक उपाय म्हणून सुचविला होता. दक्षिण कोरियाची गोष्ट याच्या उलट. तेथें बँकांचे व्यवहार अॅक्टिव्हएक्स या मायक्रोसॉफ्टच्या तंत्राला जखडलेले होते, म्हणून फायरफॉक्सची डाळ शिजली नाहीं. तेथील स्वयंसेवकांना आळशी म्हणणें अन्यायाचें होईल.

तेव्हां पटाऐवजीं हजेरी घ्यावी हें उघड आहे. फायरफॉक्स सदोष जोडण्यांची यादी मागावयास दिवसांतून एकदां मोझिलाच्या यंत्राकडे जाई. त्या मागण्या मोजून रोजच्या वापरणारांचा अंदाज बांधीत. पण येथें एक अडचण उभी राहते, आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. हजेरी घ्यावयाची म्हणजे वापरणारावर थोडी तरी नजर ठेवावयाची. आणि नजर नको म्हणूनच तर पुष्कळ जण या साधनांकडे वळलेले असतात. डेबियन या संगणकप्रणालीनें यावर सरळ मार्ग काढला. कोणतीं साधनें वापरांत आहेत हें कळवाल काय, असें ती बसवितांनाच विचारते, आणि आपण कांहींच केलें नाहीं तर उत्तर 'नाहीं' असें धरते. आंकडा अपुरा येतो खरा, पण तो लोकांनीं आपखुषीनें दिलेला असतो. मला हा मार्ग पसंत आहे.

आपल्याकडेहि तरुण मंडळी शाळा-कॉलेजांतून अशा साधनांचे मेळावे भरवितात. मेळाव्यास किती जण आले व किती चकत्या वाटल्या, हें अहवालांत येतें. त्यांना माझी एक विनंति आहे. आलेल्यांना विचारून, त्यांची संमति असेल तरच त्यांचे दूरध्वनि-क्रमांक टिपून ठेवावे, आणि तीन महिन्यांनीं त्यांतील वीसपंचवीस जणांना तीन प्रश्न विचारावे: तें साधन अजून यंत्रावर आहे काय? काल उघडलें होतें काय? आणि तुम्हीं तें आणखी कोणाला बसवून दिलें काय? फायरफॉक्स मराठींतहि मिळतो. तो मराठींतच ठेवला कीं इंग्रजींत फिरविला, हेंहि जातां जातां विचारून घ्यावें. ज्यांनीं टाकून दिलें त्यांच्याशीं मात्र जरा अधिक वेळ बोलावें.