ताप उतरला तरी औषध सोडू नका
(अर्धापूर येथील भाषणाचा मजकूर)



लेकराला ताप आला, पुरळ उठलं, की आपण 'गोवर आला' म्हणून घरीच बसतो. पण घसा दुखून ताप आला असेल तर तो स्कार्लेट फीवर असू शकतो. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही. हात फिरवून पाहा. कातडी ज्वारीच्या पानासारखी खरखरीत लागते. जीभ लाल, दाणेदार होते. काखेत, कोपराच्या घडीत पुरळ दाट असतं.

हा जंतूंचा रोग, देवीचा कोप नाही. अंगाऱ्यानं जात नाही, पेनिसिलीनच्या जातीच्या औषधानं जातो. पेनिसिलीनसाठी 1954 साली पिंपरीला सरकारी कारखाना उभा राहिला. आज हे औषध महाग नाही. महाग पडतं ते अर्ध्यावर सोडणं. दोन दिवसांत ताप उतरतो, आपण औषध बंद करतो. अर्ध्या फवारणीनं बोंडअळी मरते का? जंतू उरले तर पुढे सांधे धरतात, हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. डॉक्टरांनी दहा दिवस सांगितले तर दहाच्या दहा दिवस द्या.

वेचणी एक दिवस थांबली तर कापूस झाडावरच राहतो. लेकराला उद्यावर टाकू नका, आजच दवाखान्यात न्या. पाणी गिळेना, श्वास लागला, तर थेट नांदेडला, विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात.