हाडांवर लिहिलेले प्रश्न : चीनमधील शांग राजवटीचे दिवस



मी होमिओपॅथीचा डॉक्टर. त्यामुळे आज मी आहारावर किंवा संधिवातावर बोलेन, असे पुष्कळांना वाटले असेल. त्या विषयांवर मी दवाखान्यात रोजच बोलतो आणि फारसे कुणी ऐकत नाही. म्हणून आज तुम्हांला सव्वातीन हजार वर्षे मागे, चीनमधल्या शांग राजघराण्याकडे नेणार आहे. मराठी माणसाला चीन आठवतो तो सोलापूरच्या डॉ. कोटणीसांमुळे, नाहीतर १९६२ च्या युद्धामुळे. मी तिकडे वळलो तो मात्र औषधाच्या वाटेने.

चिनी वैद्यकात 'ड्रॅगनची हाडे' नावाचे एक जुने औषध आहे. जमिनीतून निघालेली पुरातन हाडे कुटून त्यांची पूड करायची आणि झोप न येणे, छातीत धडधडणे यांवर द्यायची. याला हसू नका. आमचे कॅल्केरिया कार्ब हे शिंपल्याच्या मधल्या थरापासूनच बनते. हेनान प्रांतातल्या आन्यांगजवळ शियाओतुन नावाचे खेडे आहे. तिथले शेतकरी नांगरताना निघालेली हाडे औषधवाल्यांना विकत. काही हाडांवर रेघोट्या कोरलेल्या असत. अशा हाडांना भाव कमी मिळतो म्हणून त्या रेघोट्या खरवडून टाकत, असे सांगतात. म्हणजे एका अख्ख्या राजवटीची दप्तरे लोकांनी काढा करून पिऊन टाकली. किती, याचा हिशेब आता लागणे नाही.

१८९९ साली बीजिंगच्या राजविद्यालयाचे प्रमुख वांग यीरोंग यांनी ओळखले की या रेघोट्या म्हणजे अक्षरे आहेत. त्यांना हिवताप झाला होता आणि औषधाच्या पुडीतच ती अक्षरे दिसली, ही कथा चीनमध्ये घरोघर माहीत आहे. इतिहासकार मात्र तिला दंतकथा मानतात. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांनीच ती हाडे त्यांच्याकडे आणली असावीत. पुढच्याच वर्षी परकी फौजा बीजिंगमध्ये शिरल्या आणि वांग यांनी विहिरीत जीव दिला. त्यांचा संग्रह त्यांचे मित्र ल्यू अ यांच्याकडे गेला. ल्यू यांनी १९०३ मध्ये हजारावर हाडांचे ठसे छापून प्रसिद्ध केले. हे ल्यू कादंबरीकारही होते, आणि त्यांच्या गाजलेल्या कादंबरीचा नायक गावोगाव फिरणारा वैद्य आहे. मला ही माणसे आवडतात.

पुढे १९१७ मध्ये वांग ग्वोवेइ यांनी या हाडांवरची राजांची नावे जुळवून पाहिली. सिमा च्येन या इतिहासकाराने शांग राजांची वंशावळ लिहून ठेवली होती, तीही शांग बुडाल्यावर सुमारे साडेनऊशे वर्षांनी. तोवर अनेक विद्वान तिला पुराणातली वांगी म्हणत. ती थोड्या फरकाने बरोबर निघाली! १९२८ ते १९३७ या काळात आन्यांगला १५ वेळा उत्खनन झाले. १९३६ मध्ये एका खड्ड्यात १७ हजारांवर कोरीव तुकडे सापडले. तो सगळा ढिगारा मातीसकट एकसंध उचलून नानजिंगला नेऊन मोकळा करण्यात आला. मग जपानशी युद्ध पेटले आणि काम थांबले. १९३९ साली, डॉ. कोटणीस चीनमध्ये होते त्याच वर्षी, आन्यांगजवळच्या एका खेड्यातल्या लोकांना ८०० किलोंहून जड असे काशाचे चौकोनी भांडे सापडले. जपान्यांच्या हाती लागू नये म्हणून त्यांनी ते पुन्हा पुरले आणि १९४६ मध्ये बाहेर काढले. आज ते बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

आता हाडांवर काय लिहिले आहे ते सांगतो. बैलाच्या खांद्याचे हाड किंवा कासवाच्या पोटाकडचे कवच घ्यायचे, मागच्या बाजूने छोटे खोलगे कोरायचे आणि तिथे तापलेली वस्तू टेकवायची. पुढच्या बाजूला उभी-आडवी चीर पडते. त्या चिरेवरून राजा उत्तर वाचायचा, आणि मग प्रश्न हाडावर कोरून ठेवायचा. दिवस मोजायला ६० दिवसांचे चक्र होते. आपल्याकडे ६० संवत्सरे आहेत, त्यांच्याकडे ६० दिवस. साम्य एवढेच, त्यावरून कुणी कुणाचे उचलले असे म्हणू नये. त्यांचा आठवडा दहा दिवसांचा, आणि दर दहाव्या दिवशी विचारायचे, येत्या दहा दिवसांत काही अरिष्ट नाही ना?

आजारांचे प्रश्न मी सर्वांत आधी शोधले, हे सांगायला नकोच. डोके, डोळे, कान, दात, पोट, पाय, सगळ्यांच्या तक्रारी आहेत. वू दिंग हा या घराण्याचा थोर राजा. त्याचा काळ इ. स. पू. १२०० च्या आसपासचा. त्याचा दात दुखू लागला. आपण लवंगेचे तेल लावले असते. त्याच्या दरबाराला पडलेला प्रश्न वेगळा होता : हे दुखणे कोणत्या पितराने लावले? राजाचे वडील आणि तीन चुलते, चौघेही गादीवर बसून गेलेले. वडील आणि चुलता यांना त्या भाषेत शब्दही एकच. एकेकाचे नाव घेऊन कवचाच्या एका बाजूला विचारले की हे अमक्याने केले आहे, आणि दुसऱ्या बाजूला, अमक्याने केलेले नाही. तीन हजार मैलांचे राज्य असो की दोन खोल्यांचे घर, दुखणे आले की माणूस आधी 'का' विचारतो आणि 'काय करू' नंतर. माझ्या दवाखान्यातही पहिला प्रश्न अजून तोच असतो.

पूर्ण नोंद असेल तर तिच्यात पाच गोष्टी असतात. तारीख, विचारणाऱ्याचे नाव, प्रश्न, राजाचे भाकीत आणि प्रत्यक्षात काय झाले. हा चक्क केसपेपर आहे! फक्त शेवटचा रकाना फार थोड्या हाडांवर भरलेला आहे, आणि जिथे भरला आहे तिथे राजाचे भाकीत बहुधा खरे ठरलेले दिसते. आम्हा डॉक्टरांच्या केसपेपरांबद्दल मी इथे अधिक बोलत नाही.

शेवटचा रकाना भरलेली एक नोंद मात्र विसरता येत नाही. वू दिंगची राणी फू हाव गरोदर होती. बाळंतपण शुभ होईल का, असे विचारले गेले. राजाने चीर पाहून सांगितले की अमुक दोन दिवसांपैकी एखाद्या दिवशी झाले तर शुभ. ३१ दिवसांनी, भलत्याच दिवशी, ती बाळंत झाली. शुभ झाले नाही, असे कोरले आहे. आणि कारणही दिले आहे. मुलगी झाली होती. सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचे ते हाड आहे. आपल्याकडे गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करावा लागला तो १९९४ मध्ये, म्हणून मी याला केवळ चिनी गोष्ट म्हणणार नाही.

आणि ही फू हाव कोण? स्वतःचे ३ हजार आणि आणखी १० हजार असे १३ हजारांचे सैन्य घेऊन मोहिमेवर गेलेली बाई. १९७६ मध्ये तिची कबर सापडली. चोरांचा हात न लागलेली शांग राजघराण्यातली ही एकमेव कबर. ती शोधली तीही एका बाईने, चेंग चेनश्यांग या पुरातत्त्वज्ञाने. काशाच्या ४६८ वस्तू, जेडच्या साडेसातशे, आणि जवळजवळ सात हजार कवड्या. तिच्या नावाच्या लढाईच्या कुऱ्हाडी आहेत, त्यांतली एक नऊ किलोंची. भाकितासाठी लागणारी कवचे तयार करवून पुरवण्याच्या नोंदींतही तिचे नाव येते. म्हणजे ज्या हाडांवर तिच्या मुलीला अशुभ म्हटले, ती हाडे सज्ज करण्याच्या कामातही ती होती.

त्याच कबरीत १६ माणसे पुरलेली होती.

आता मला न आवडणाऱ्या भागाकडे यावे लागेल. सामान्य रयतेने काही लिहून ठेवले नाही. तिची माहिती उकिरड्यातून आणि सांगाड्यांतून मिळते. ती अर्धवट जमिनीत खोदलेल्या घरांत राहत असे. खाणे मुख्यतः राळ्याचे. हो, आपल्याकडे म्हातारी माणसे ज्याचा भात करीत तेच राळे. मद्यही भरडधान्याचेच. डुक्कर, कुत्रा, बैल, मेंढी ही जनावरे. आन्यांगला हाडकामाचा एक कारखाना सापडला, तिथे नुसत्या हाडांचा कचरा ३२ टनांहून अधिक निघाला. त्या हाडांतून मुख्यतः केसांच्या पिना बनत. माझ्यासारख्या जैन कुटुंबात वाढलेल्या माणसाला हे वाचतानाही जड जाते. पण गुरांपाशी गोष्ट थांबत नाही. हू होउश्वान या अभ्यासकाने हाडांवरच्या नोंदी मोजल्या, तेव्हा बळी दिलेल्या माणसांचा आकडा १३ हजारांवर गेला. त्यांत सर्वांत जास्त पश्चिमेकडचे छ्यांग लोक होते. एका नोंदीत एकाच वेळी ३०० छ्यांग आहेत. राजांच्या दफनभूमीत असे खड्डे ओळीने सापडले आहेत.

२०१७ मध्ये अशा बळींच्या हाडांची रासायनिक तपासणी प्रसिद्ध झाली. माणूस काय खातो ते हाडांत उतरते. निष्कर्ष असा की ही माणसे बाहेरून आणलेली होती, पण आणल्याबरोबर मारलेली नव्हती. ती काही वर्षे आन्यांगला राहिली होती. तिथले राळे खात, गावकऱ्यांपेक्षा मांसमच्छी कमी मिळत असावी, बहुधा राबत. आणि मग एखाद्या दिवशी कवचावर प्रश्न विचारला जायचा की अमुक पितराला किती द्यावेत?

काही पुस्तके शांग लिपीचे आणि काशाच्या भांड्यांचे भरभरून कौतुक करतात आणि बळींना एका परिच्छेदात उरकतात. मला ते पटत नाही. ही लिपी ज्या प्रश्नांसाठी वापरली गेली त्यांतले असंख्य प्रश्न 'किती बैल, किती माणसे' हेच आहेत. म्हणून कौतुक सोडावे असेही मी म्हणत नाही. आजची चिनी लिपी त्याच अक्षरांतून आली. पण दोन्ही गोष्टी एकाच हाडावर आहेत, त्या तशाच वाचाव्यात.

माणसाऐवजी मातीची किंवा लाकडाची माणसे पुरण्याची रीत पुढे रुळली. पहिल्या सम्राटाच्या मातीच्या सैनिकांची चित्रे तुम्ही पाहिली असतील. पण कन्फ्यूशियसला ही सुधारणाही मान्य नव्हती, असे मेन्शियसच्या ग्रंथात आले आहे. माणसासारखी बाहुली करून पुरण्याची कल्पना ज्याने प्रथम काढली त्याचा वंश न राहो, इतके कडक तो बोलला. आणि हा स्वतः शांगांच्या वंशातला! हे वाचले आणि मला यशोधराची कथा आठवली. आपल्या भागातल्या जैन घरांत ती ऐकलेली असते. कन्नडमध्ये जन्न कवीने ती लिहिली. राजा यशोधर आईच्या आग्रहाने पिठाचा कोंबडा करून बळी देतो आणि त्या एका संकल्पापायी दोघांना जन्मोजन्म पशुयोनीत फिरावे लागते. या दोन कथांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण बाहुलीवर सुरी चालवतानाही हातात सुरीच असते, हे दोन्हीकडे कुणाच्या तरी लक्षात आले होते.

राजवटीच्या शेवटाबद्दल थोडक्यात. इ. स. पू. १०४६ च्या सुमारास मूयेच्या लढाईत चौ लोकांनी शांगांना हरवले. शेवटचा राजा दी शिन. त्याच्याबद्दल परंपरेने जे लिहिले ते आपल्या नाटकांतल्या खलनायकाला शोभेल असे आहे : मद्याने भरलेले तळे, झाडांना टांगलेले मांस, रात्रभर चाललेले रंगढंग. हे लिहिले जिंकणाऱ्यांच्या बाजूने. वू दिंग मात्र परंपरेत राज्याला पुन्हा ऊर्जितावस्था आणणारा सद्गुणी राजा. हाडांकडे विचारले तर उत्तर निराळे येते. हू यांच्या मोजणीत नरबळींपैकी बहुसंख्य, ९ हजारांहून अधिक, एकट्या वू दिंगच्या काळातले आहेत. शेवटच्या दोन राजांच्या काळात हा आकडा फारच खाली आलेला दिसतो. त्या काळची हाडे मुख्यतः पितरांचे ठरलेले विधी आणि येत्या दहा दिवसांचे कुशल एवढेच विचारतात. चांगला राजा आणि वाईट राजा हे आपण कुणाच्या पुस्तकावरून ठरवतो, यावर नंतर चहाच्या वेळी वाद घालायला मी तयार आहे.

आजवर मिळालेल्या तुकड्यांची संख्या सुमारे दीड लाख आहे. त्यांवर साडेचार हजारांच्या आसपास वेगवेगळी अक्षरे आहेत आणि जेमतेम एक तृतीयांश खात्रीने वाचता येतात. आन्यांगच्या चिनी लिपी संग्रहालयाने २०१६ मध्ये जाहीर केले की न लागलेले अक्षर पुराव्यासह लावून देणाऱ्याला प्रत्येक अक्षरामागे १ लाख युआन मिळतील. सभागृहात महाविद्यालयातली मुलेमुली बसली आहेत, त्यांच्या माहितीसाठी सांगतो : उरलेली अक्षरे बहुतेक माणसांची, गावांची आणि नद्यांची नावे आहेत, त्यामुळे काम अवघड आहे, पण प्रवेश परीक्षा नाही आणि वयाची अटही माझ्या वाचनात आलेली नाही.